मेंदूतील गळू : वाहत्या कानापासून घाटीपर्यंत

शरीरात कुठेही पू साठून त्याभोवती भिंत तयार झाली, की त्याला मराठीत गळू म्हणतात आणि जुन्या वैद्यकग्रंथांत विद्रधी. परंतु पाठीवर किंवा मांडीवर आलेले गळू आणि कवटीच्या आत झालेले गळू यांत एक मूलभूत फरक असतो. पाठीवरचे गळू बाहेरच्या बाजूला फुगते, पिकते, फुटते आणि वाहून मोकळे होते. कवटी ही मात्र चहूबाजूंनी बंद असलेली हाडाची पेटी असल्यामुळे तिच्यातील गळूला फुगायला जागा केवळ मेंदूच्याच वाट्यातून मिळते, आणि ते फुटलेच तर आतल्या बाजूला फुटते. रुग्णाला होणारा त्रास, शल्यचिकित्सकाची घाई, सहा-सहा आठवडे चालणारी इंजेक्शने आणि शेवटी रुग्ण बरा होतो की नाही, हे सारे या एका वस्तुस्थितीशी बांधलेले आहे.

हा आजार दुर्मीळ आहे. जगभरातील नोंदी पाहता दरवर्षी एक लाख लोकांमागे साधारण एखाद्यालाच तो होतो. मात्र जिथे कान वाहण्याकडे दुर्लक्ष होते, जन्मजात हृदयदोष असलेली मुले शस्त्रक्रियेवाचून वाढतात आणि डोक्याच्या उघड्या जखमा वेळेवर स्वच्छ होत नाहीत, अशा भागांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी मुख्यतः तेव्हाच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातून वेगळा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या त्याच्या आठ तालुक्यांत बहुसंख्य कुटुंबे शेतीवर आणि शेतमजुरीवर जगतात, जालना शहराभोवती लोखंड वितळवणारे आणि सळया ओढणारे कारखाने आहेत, आणि अंबड-घनसावंगी-मंठा या पट्ट्यातील हजारो माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गाव सोडतात. मेंदूतील गळूचे उपचार पाठ्यपुस्तकात जसे लिहिलेले असतात, तसेच ते या माणसांपर्यंत पोहोचतात की नाही, हा प्रश्न वैद्यकाइतकाच रस्त्यांचा आणि हंगामांचाही आहे.

जंतू मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या वाटा तीन. पहिली शेजारची, म्हणजे कान, नाकाभोवतालच्या हाडांतील पोकळ्या किंवा दात यांतून; दुसरी रक्ताची, म्हणजे फुप्फुस, हृदय किंवा अन्य अवयवांतील संसर्ग रक्तावाटे वर चढण्याची; आणि तिसरी थेट, म्हणजे अपघातात कवटी फुटून किंवा क्वचित मेंदूच्या आधीच्या शस्त्रक्रियेनंतर. ग्रामीण महाराष्ट्राचा विचार करता पहिल्या वाटेवर, आणि तीतही कानावर, थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण ही वाट अडवणे सर्वांत सोपे असूनही ती सर्वांत जास्त मोकळी राहिलेली आहे.

लहानपणी सर्दी-पडशात घसा आणि कान यांना जोडणाऱ्या नळीतून जंतू मधल्या कानात जातात, तिथे पू होतो, पडद्याला भोक पडते आणि पू बाहेर येतो. यालाच ‘कान फुटला’ असे म्हटले जाते. बहुतेक मुलांत पडदा पुन्हा जुळतो. काहींत तो जुळत नाही आणि पावसाळ्यात, विहिरीत पोहल्यावर किंवा सर्दी झाली की कान पुन्हा पुन्हा वाहतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे जे अठ्ठावीस रोग दिले आहेत, त्यांत कर्णस्राव आणि पूतिकर्ण ही दोन नावे वेगवेगळी आहेत. एकात कान वाहतो, दुसऱ्यात त्याला दुर्गंधी येते. आजचे कान-नाक-घसा तज्ज्ञ वेगळ्या कारणाने का होईना, जवळपास याच रेषेवर विभागणी करतात. भरपूर, तारेसारखा ओढला जाणारा, वास नसलेला स्राव आणि पडद्याच्या मध्यभागी असलेले भोक हा तुलनेने निर्धोक कान. थोडाच, चिकट, कुजकट वासाचा, कधी रक्त मिसळलेला स्राव आणि पडद्याच्या वरच्या किंवा कडेच्या भागातला दोष हा धोक्याचा कान. या दुसऱ्या प्रकारात पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची एक पिशवी होते, तिच्यात मृत कातडीचे पापुद्रे साचतात, आणि ती वाढत जाऊन आजूबाजूचे हाड कुरतडते. वैद्यकात तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. नावावरून वाटते तसा तिचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही आणि ती कर्करोगाची गाठही नाही, परंतु हाड खाण्याच्या बाबतीत ती कुठल्याही गाठीपेक्षा कमी नाही.

मधल्या कानाचे छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा असून त्याच्या थेट वर मेंदूचा शंखखंड, म्हणजे कानशिलामागचा भाग, टेकलेला असतो. मागच्या बाजूला मोठी रक्तशीर आणि तिच्यापलीकडे लहान मेंदू. कानातून आलेले गळू बहुधा याच दोन ठिकाणी का सापडते, याचे उत्तर या शेजारात आहे. कानात कोमट तेल सोडणे, लसूण उकळलेले तेल घालणे, काडीला कापूस गुंडाळून किंवा केसांच्या पिनेने कान कोरणे हे घरगुती उपाय पू थांबवत नाहीत. तेलाने आणि पाण्याने ओला राहिलेला कान जंतूंना अधिकच मानवतो. यातला सर्वांत घातक समज मात्र ‘कान आपोआप वाहायचा थांबेल’ हा आहे, कारण वर्षानुवर्षे वाहणारा कान अचानक थांबतो आणि त्याच सुमारास डोके दुखू लागते, तेव्हा तो बरा झालेला नसण्याची, पुवाने आतली वाट धरलेली असण्याची शंका घ्यावी लागते.

रक्ताच्या वाटेत जालन्यासारख्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचा ठरतो तो निळसर हृदयदोष. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त प्रथम फुप्फुसात जाते, आणि तिथल्या सूक्ष्म केशवाहिन्या प्राणवायू देण्याबरोबरच गाळणीचेही काम करतात. दातातून किंवा त्वचेतून रक्तात शिरलेले थोडेथोडके जंतू तिथेच अडतात. हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोक असून उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसाला वळसा घालून थेट डावीकडे जात असेल, तर ही गाळणी चुकते. अशा मुलांचे ओठ आणि नखे निळसर दिसतात, ती खेळताना धापा टाकत उकिडवी बसतात, त्यांचे रक्त घट्ट होते आणि मेंदूच्या ज्या कोपऱ्यात रक्तपुरवठा मंदावतो तिथे जंतूंना ठाण मांडता येते. दोन वर्षांपुढच्या निळसर मुलाला ताप, डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर मेंदूतील गळू नाही ना, हे प्रथम पाहावे असा नियमच आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून देशभरासाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन असे हृदयदोष शोधतात. त्यांचे काम हृदयाच्या खात्यात मोजले जाते, पण मेंदूतील किती गळवे त्यामुळे झालीच नाहीत, हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

जंतू मेंदूत शिरल्यावर लगेच गळू होत नाही. पहिले तीन दिवस मेंदूचा तेवढा भाग नुसता सुजतो आणि मऊ होतो. चौथ्यापासून नवव्या दिवसापर्यंत मध्यभागी पेशी मरून पू जमू लागतो. दहाव्यापासून तेराव्या दिवसापर्यंत कडेने तंतूंची कच्ची भिंत उभी राहते. आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास ती पक्की होते. दिवसांचे हे गणित १९८०च्या दशकाच्या आरंभी प्राण्यांवरील प्रयोग आणि सीटी स्कॅन यांची सांगड घालून मांडले गेले, आणि माणसात ते काटेकोरपणे जुळतेच असे नसले तरी उपचाराचा निर्णय अजूनही त्यावर बेतला जातो: पहिल्या टप्प्यांत औषधांनी काम भागू शकते, भिंत झाल्यावर पू बाहेर काढावा लागतो. ही भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. मेंदूच्या पृष्ठभागाकडे रक्तपुरवठा भरपूर असल्याने ती तिथे जाड होते आणि आतल्या बाजूला, जिथे मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या असतात, तिथे पातळ राहते. म्हणून गळू फुटते तेव्हा बहुधा त्या पोकळीतच फुटते, आणि ही घटना या आजारातील सर्वांत भयंकर असून निरनिराळ्या नोंदींत तिच्यातील मृत्यूचे प्रमाण शेकडा २७ पासून ८५ पर्यंत आढळले आहे.

मेंदूला स्वतःला वेदना नसते. डोके दुखते ते मेंदूभोवतीची आवरणे ताणली गेल्यामुळे, आणि म्हणूनच ती डोकेदुखी दिवसागणिक वाढते, पहाटे जास्त असते, गोळीने तात्पुरती थांबते आणि पुन्हा येते. ताप, डोकेदुखी आणि हातापायाची किंवा बोलण्याची दुर्बलता ही तीन लक्षणे एकत्र असावीत असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते, पण प्रत्यक्षात ती तिन्ही एकाच वेळी सुमारे पाचांतल्या एकाच रुग्णात भेटतात आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांना ताप नसतोच. ताप नाही म्हणून डोकेदुखी पित्तावर घातली जाते, उलटी झाली की पित्ताची खात्रीच पटते. बोलताना शब्द सापडेनासे झाले की त्याला वाताचा झटका म्हणतात, चालताना झोक गेला की अशक्तपणा म्हणून सलाईन लावले जाते, आणि पहिली आकडी येईपर्यंत दहा-बारा दिवस निघून जातात. यात घरच्यांचा किंवा गावातील डॉक्टरांचा दोष काढणे सोपे आहे आणि बहुतांशी अन्यायाचे आहे, कारण शंभर डोकेदुख्यांपैकी नव्व्याण्णव खरोखरच साध्या असतात. उरलेल्या एकीकडे बोट दाखवणारी खूण बहुधा डोक्यात नसते, ती कानात असते. डोकेदुखीच्या रुग्णाला ‘कान वाहतो का?’ एवढे विचारून कानात दिवा टाकून पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

निदानाचा निर्णायक टप्पा म्हणजे सीटी स्कॅन. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या चित्रात गळूची भिंत पांढऱ्या कड्यासारखी उजळते आणि आतला पू काळपट राहतो. असे कडे भारतात एकाच आजारात दिसत नाही. क्षयाची मेंदूतील गाठ, फीतकृमीच्या अळीची गाठ आणि मेंदूचा कर्करोग यांचीही चित्रे तशीच असतात, आणि क्षय सर्वत्र आढळणाऱ्या आपल्याकडे ही गल्लत महागात पडते. एमआरआयच्या एका विशिष्ट तपासणीत, जीत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते, घट्ट पू लख्ख पांढरा दिसतो आणि कर्करोगातील मेलेला भाग बहुधा तसा दिसत नाही. तरीही खात्री होते ती पू हातात आल्यावरच. इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. ताप आणि डोकेदुखी म्हणजे मेंदूज्वर, आणि मेंदूज्वर म्हणजे पाठीतले पाणी काढणे, हा सरळ हिशेब गळूच्या रुग्णाचा जीव घेऊ शकतो, कारण वरचा दाब प्रचंड असताना खालून पाणी काढले की मेंदू कवटीच्या तळाच्या भोकातून खाली सरकतो आणि श्वासाचे केंद्र दाबले जाते. म्हणून शंका असल्यास आधी स्कॅन, मग पाणी, हा क्रम मोडायचा नसतो.

जालना शहरात स्कॅनची सोय आहे. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४-२५ या वर्षात शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही जालन्यात सुरू झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र जिल्ह्यातील गरीब रुग्णाची वाट अनेक दशके साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरकडे जात आली आहे, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या आणि साऱ्या मराठवाड्याला ‘घाटी’ या नावानेच ठाऊक असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे. मंठा किंवा परतूरच्या बाजूचा रुग्ण आधी तालुक्याला, मग जालन्याला आणि तिथून घाटीला असा तीन टप्प्यांत हलतो. प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर, नवी चिठ्ठी आणि नव्याने सांगावी लागणारी तीच हकिकत असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून मिळू लागल्यामुळे गाडी शोधण्याचा वेळ वाचला, पण ‘आणखी एक दिवस पाहू’ या विचारात जाणारा वेळ कुठलीच रुग्णवाहिका भरून काढत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश असल्याने खर्चाचा मोठा भार हलका होतो. मात्र घाईत निघालेल्या कुटुंबाचे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरीच राहते आणि ते आणायला कुणालातरी परत गावी धाडावे लागते, असे वारंवार घडते. उपचार कागदासाठी थांबत नाहीत, पण नातेवाइकांतला धडधाकट माणूस नेमक्या वेळी रुग्णाजवळ नसतो.

शस्त्रक्रिया स्वतः दिसायला आश्चर्य वाटावे इतकी छोटी असते. स्कॅनवरून गळूला सर्वांत जवळची आणि बोलण्या-चालण्याच्या केंद्रांना टाळणारी वाट ठरवतात, तेवढ्या जागेचे केस काढतात, भूल देतात, कातडीला एक-दीड इंचाची चीर घेतात आणि कवटीला जुन्या रुपयाएवढेही नसलेले एक भोक पाडतात. मेंदूचे जाड आवरण छेदल्यावर बोथट टोकाची सुई हळूहळू आत सरकवली जाते. मऊ मेंदूतून जाताना हाताला काही लागत नाही, आणि मग गळूच्या भिंतीशी आल्यावर किंचित अडते, जरा दाब दिल्यावर रबर छेदल्यासारखी आत शिरते. पिचकारीत पिवळसर-हिरवा दाट पू येऊ लागतो. कानातून आलेल्या गळूच्या पुवाला बहुधा असा वास असतो, की शस्त्रक्रियागृहातल्या सर्वांना उगमाचे उत्तर प्रयोगशाळेआधीच मिळते, कारण प्राणवायूवाचून वाढणारे जंतू तो वास सोडतात. जितका सहज येईल तितकाच पू ओढतात. जोर लावला तर रिकाम्या झालेल्या पोकळीत रक्तस्राव होण्याची भीती असते. काढलेला पू लगेच, हवेशी फारसा संपर्क न येऊ देता, तपासणीस धाडतात आणि तो क्षयासाठी व बुरशीसाठीही तपासला जातो.

कवटी उघडून भिंतीसकट संपूर्ण गळू काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आता मोजक्याच रुग्णांत करतात: गळू लहान मेंदूत असेल, त्यात अपघाताने गेलेला हाडाचा वा धातूचा तुकडा असेल, त्याचे अनेक कप्पे असतील किंवा सुईने दोन-तीनदा पू काढूनही ते भरत राहिले असेल तर. याच्या उलट टोकाला, अडीच सेंटिमीटरहून लहान आणि भिंत कच्ची असलेली गळवे, किंवा एकाच वेळी मेंदूच्या अनेक भागांत विखुरलेली गळवे, जंतू ठाऊक असल्यास केवळ औषधांवर बरी होऊ शकतात. मात्र या मार्गाने जाताना रोजची तपासणी आणि वारंवार स्कॅन यांची तयारी हवी.

औषधोपचाराची अडचण दुहेरी आहे. रक्तातील कित्येक औषधे मेंदूत शिरूच शकत नाहीत, आणि शिरली तरी आंबट, प्राणवायूविरहित पुवात त्यांची धार बोथट होते. म्हणूनच पू काढणे ही औषधाची जागा घेणारी गोष्ट नाही, औषधाला वाट करून देणारी आहे. घरच्या वातावरणात झालेल्या गळूसाठी सर्वत्र स्वीकारलेली जोडी म्हणजे सेफ्ट्रिॲक्झोन आणि मेट्रोनिडाझोल. डोक्याच्या जखमेनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर झालेल्या गळूत त्याऐवजी मेरोपेनेम आणि व्हँकोमायसिनसारखी औषधे लागतात. मुदत सहा ते आठ आठवडे, आणि तीही शिरेतून. हा आकडा कागदावर लहान दिसतो. सेफ्ट्रिॲक्झोन दिवसातून दोनदा आणि मेट्रोनिडाझोल दर आठ तासांनी, असे सहा आठवडे धरले तर एका माणसाच्या शिरेतून ८४ आणि १२६ मिळून २१० वेळा औषध जाते. हातावरच्या शिरा दर तीन-चार दिवसांनी सुजतात, सुईची जागा बदलावी लागते, मेट्रोनिडाझोलने तोंडाला लोखंडासारखी चव येते आणि जेवण जात नाही. तिसऱ्या आठवड्यात रुग्ण चालता-बोलता होतो, ताप गेलेला असतो, डोके दुखत नाही, आणि नेमके तेव्हाच घरी जाण्याचा हट्ट सुरू होतो, कारण रुग्णालयाच्या व्हरांड्यात राहणाऱ्या नातेवाइकाची मजुरी बुडत असते आणि मुकादमाची उचल फेडायची असते. अर्धवट सोडलेला उपचार हा गळू परत भरण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. निवडक रुग्णांना काही आठवड्यांनंतर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर आणण्याचा विचार अलीकडे मूळ धरू लागला आहे, आणि तो स्थिरावला तर त्याचा सर्वाधिक फायदा अशाच कुटुंबांना होईल.

सूज कमी करणारी स्टेरॉइड औषधे फक्त दाब धोकादायक असेल तेव्हाच आणि थोडे दिवस देतात. आकडी रोखणारी औषधे मात्र दीर्घकाळ चालतात. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रभर पसरलेल्या म्युकरमायकोसिसमध्ये बुरशी नाकातून, डोळ्याच्या खोबणीतून मेंदूपर्यंत गेली, तेव्हा याच रोगाचे वेगळे आणि कितीतरी क्रूर रूप दिसले. तिथे वरील औषधांचा काहीच उपयोग नसतो, ॲम्फोटेरिसिन लागते आणि सडलेला भाग काढून टाकावा लागतो.

या आजाराचे भवितव्य किती बदलले, हे समजण्यासाठी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील विल्यम मॅकेवेन या शल्यचिकित्सकाकडे वळावे लागते. १८७६ मध्ये एका मुलाच्या बोलण्यातील बिघाडावरून त्याने गळू मेंदूत नेमके कुठे आहे ते सांगितले होते, पण शस्त्रक्रियेला परवानगी मिळाली नाही. मुलगा दगावल्यावर गळू अचूक त्याच जागी सापडले. १८९३ मध्ये त्याने आपल्या रुग्णांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यात शस्त्रक्रिया केलेल्या १९ पैकी १८ रुग्ण वाचले होते. ना स्कॅन, ना प्रतिजैविके. केवळ बारकाईने तपासणी, निर्जंतुक हात आणि उगमस्थानी असलेल्या कानाच्या हाडाची साफसफाई. पुढे पन्नास-साठ वर्षे जगातील बहुतेकांना हा आकडा गाठता आला नाही आणि पेनिसिलिन आल्यावरही मृत्यू अपेक्षेइतके घटले नाहीत, कारण गळू आहे कुठे हेच वेळेवर कळत नव्हते. ती अडचण १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन निघाला तेव्हापासून सुटू लागली. २०१४ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी १२३ अभ्यासांतील ९,६९९ रुग्णांची एकत्र छाननी केली. तीत मृत्यूचे प्रमाण १९६०च्या सुमाराच्या ४० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर उतरलेले आणि पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण ३३ वरून ७० टक्क्यांवर चढलेले आढळले.

दहा टक्के हा आकडा सर्वांना सारखा लागू होत नाही. गळू किती मोठे, कुठे, जंतू कोणता, वय काय, यांपैकी प्रत्येकाला महत्त्व आहे. तरी वर्षानुवर्षे सर्वांत पुढे राहिलेली एकच गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण किती शुद्धीत आहे. ही शुद्धी मोजण्याची तीन ते पंधरा गुणांची पट्टी १९७४ मध्ये मॅकेवेनच्याच ग्लासगोत तयार झाली: डोळे आपणहून उघडतो की हाक मारल्यावर, उत्तर जुळते देतो की असंबद्ध, सांगितलेली हालचाल करतो की फक्त चिमटा काढल्यावर हात झटकतो. पंधरापैकी चौदा-पंधरा गुण घेऊन आलेला रुग्ण बहुधा चालत घरी जातो. आठच्या खाली गेलेला वाचला तरी त्याचा हात, वाचा किंवा समज यांपैकी काहीतरी मागे राहण्याची शक्यता मोठी असते. हे गुण शल्यचिकित्सकाच्या हातात नसतात. ते गावापासून घाटीपर्यंतच्या वाटेवर, एकेका दिवसाने, उतरत गेलेले असतात, आणि म्हणून मेंदूतील गळूचे भवितव्य हे बव्हंशी शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर ठरते असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

बरे होणे म्हणजेही सगळे पूर्ववत होणे नव्हे. भरून आलेल्या जागी मेंदूत व्रण राहतो, आणि त्या व्रणातून महिन्यांनी, कधी वर्षांनी आकडी येऊ शकते. वाचलेल्यांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला हा त्रास कधी ना कधी होतो. जालन्याच्या संदर्भात या एका ओळीचा अर्थ फार व्यावहारिक आहे. भट्टीजवळ किंवा तापलेल्या सळईच्या रांगेत उभे राहून काम करणाऱ्याला दुसरे काम शोधावे लागते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, विहिरीतले पोहणे आणि एकट्याने रात्री मोटार सुरू करायला जाणे बंद करावे लागते. ऊसतोडीला गेलेल्याच्या गोळ्या फडात संपतात, तिथल्या दुकानात तेच औषध मिळत नाही, चार दिवस खंड पडतो आणि आकडी परत येते. म्हणून निघण्यापूर्वी हंगामाच्या पाचही महिन्यांच्या गोळ्या आणि त्यांची नावे लिहिलेले कार्ड सोबत असणे हा उपचाराचाच भाग समजावा. मुलांत अभ्यासात मागे पडणे, चिडचिड, लक्ष न लागणे या तक्रारी नंतर दिसू शकतात आणि त्यांना आळस समजले जाते.

स्कॅनवरील कडे औषध बंद केल्यानंतरही कित्येक आठवडे, कधी काही महिने, फिकट स्वरूपात दिसत राहते. त्यावरून घाबरून औषधे पुन्हा सुरू करण्याची गरज नसते; रुग्णाची प्रकृती, ताप आणि कड्याचा आकार घटत जाणे हे पाहिले जाते, आणि यासाठी उपचारांच्या काळात साधारण दर दोन आठवड्यांनी आणि नंतर काही महिने अंतराने स्कॅन करतात.

उगम मात्र स्कॅनने बरा होत नाही. हाड कुरतडणारा कान तसाच राहिला, तर गळू रिकामे होऊन, २१० वेळा औषध जाऊन आणि दोन महिने रुग्णालयात काढूनही तीच वाट पुन्हा मोकळी असते. म्हणून कानामागचे हाड कोरून ती पिशवी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया रुग्णालयातल्या त्याच मुक्कामात किंवा मेंदू स्थिरावताच काही आठवड्यांत करतात, आणि घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कार्डावर मेंदूच्या विभागाच्या तारखेखाली कान-नाक-घसा विभागाची तारीख लिहिलेली असते. नातेवाइकांनी जपून ठेवायची ती ही दुसरी तारीख. डोके दुखायचे थांबलेले असल्यामुळे चुकते तीच.